पहिलं पाणी

पाटाला पाणी सुटायचं म्हटलं की आमच्या गावातली माणसं एकाएकी गोड बोलायला लागतात. वर्षभर बांधावर उभं राहून एकमेकांचा उद्धार करणारेसुद्धा त्या दिवसांत रस्त्यात थांबून तब्येतीची चौकशी करतात. पाटाच्या दाराचं चाक पाटकऱ्याच्या हातात असतं, आणि त्याच्या कानावर काय जाईल याचा नेम नसतो.

पाण्याचा नियम साधा. आधी वरच्याचं शेत भिजायचं, मग खालच्याचं. पाटाच्या अगदी शेवटाला ज्याचं शेत होतं त्याला सगळे शेपट्या म्हणत. त्याच्या बापालाही शेपट्याच म्हणायचे. जमिनीबरोबर नावही वारशाने आलं. त्याच्या बांधापर्यंत पोचेस्तोवर पाण्याची करंगळीएवढी धार उरायची, आणि कोरड्या वर्षी तीही नाही.

या नियमाला एकच सूट होती, ती निरोप्याची. एका शेताची पाळी संपली की पुढच्या शेतावर धावत जाऊन सांगायला पाटकरी दरवर्षी एक पोरगं निवडायचा. पाणी रात्रंदिवस चालायचं, म्हणून पोरगं पाट बंद होईतो पाटकऱ्याच्या चौकीवरच राहायचं, तिथंच झोपायचं, घरी फक्त अंघोळीपुरतं यायचं. आणि ज्याचं पोरगं निरोप्या, त्याच्या शेताला पहिलं पाणी. लोकांना सालं लक्षात राहायची ती अशी. ज्या साली लोहाराचं शेत आधी हिरवं झालं ते साल, ज्या साली गवळ्याचं झालं ते साल. पोरांची आठवण कोणी ठेवत नसे, शेतांची ठेवत.

त्या वर्षी पाऊस लवकर पळाला होता. शेपट्याच्या कांद्याच्या रोपांनी माना टाकल्या होत्या. तो आणि त्याची बायको विहिरीच्या तळातला गढूळ घोट घोट घागरीने आणून वाफ्यात ओतत होते, आणि मधे त्यांचा पोरगा टिवल्या लोटा घेऊन नाचत होता. हा पोरगा सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायचा. मुंग्या झोपतात का, बेडकाला तहान लागते का, पाणी वर का चढत नाही. उत्तराची त्याला गरज नसे.

पाटकरी सायकल बांधाला टेकवून आला तेव्हा दुपार तापली होती. सगळं गाव त्याला काका म्हणायचं. पांढरा सदरा, बोटांना दाराच्या चाकाचं काळं वंगण. त्याने टिवल्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"यंदा हा येऊ दे माझ्याकडे. चलाख आहे."

शेपट्याच्या बायकोने पदराने तोंड पुसलं आणि हसली. "खरंच काका? म्हणजे पहिलं पाणी आमचं?"

"मग? निरोप्याच्या घरी पाणी नाही तर कुणाच्या? तुझा नवरासुद्धा माझ्याकडेच होता. विचार त्याला. काय रे शेपट्या?"

शेपट्या खणत होता. तो खणतच राहिला. कुदळ दगडावर आपटली, टोक वाकलं, तरी तो त्याच दगडावर घाव घालत राहिला. वंगणाचा वास आला तसा तो बाजूला थुंकला.

"ऊन लागलंय यांना," बायको घाईने म्हणाली. "पाठवते काका. पाट सुटायच्या आदल्या दिवशी पाठवते."

संध्याकाळी घरात त्याचं एका जागी बूड टेकेना. दाराची कडी सैल होती ती त्याने ठोकली. मग सैल नसलेली खिडकीची ठोकली.

"पोराला पाठवायचं नाही," तो भिंतीकडे बघून म्हणाला.

"का?"

"शाळा बुडेल."

"शाळा! मागच्या हंगामात गुरांमागे पाठवलात तेव्हा नाही आठवली शाळा?"

"चौकीजवळ साप निघतात."

"इथं काय मोर निघतात?" बायकोने पातेलं खाली ठेवलं. "अहो, रोपं मरायला टेकलीत. लक्ष्मी चालून आलीय तर तुम्ही तोंड धुवायला निघालात. खरं कारण सांगा, मी गप्प बसते."

खरं कारण त्याच्या घशापर्यंत आलं. तो पोरगा असताना आलं होतं आणि तेव्हापासून तिथंच होतं. लग्न झालं तेव्हा, पोरगं झालं तेव्हा, दर वर्षी पाट सुटताना ते वर यायचं आणि तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचा. आताही त्याने तांब्या तोंडाला लावला.

त्याची आई कोपऱ्यात शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "हाही लहानपणी असाच बडबड्या होता. टिवल्यासारखाच. डोकं उठवायचा माझं."

"मग काय झालं?" सुनेने विचारलं.

"काय व्हायचंय. मोठा झाला," आई म्हणाली. शेंगा सोलायचे तिचे हात मात्र थांबले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाकलेली कुदळ घेऊन लोहाराकडे गेला. लोहार आणि तो एका वयाचे. शाळेत एका बाकावर बसायचे. शेपट्या निरोप्या झाला त्याच्या पुढच्या वर्षी लोहार झाला, आणि त्यानंतर दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. का उरलं हे दोघांनी कधी विचारलं नाही.

लोहाराचा पोरगा भाता ओढत होता. टिवल्यापेक्षा मोठा. शेपट्या त्याच्याकडे बघत राहिला, आणि जे इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं ते त्याला त्या क्षणी दिसलं. लोहाराचं शेतही पाटाच्या खालच्या अंगालाच. पोरगा चपळ. आणि पाटकऱ्याने दोनदा मागूनही लोहाराने तो दिला नव्हता. भात्याला माणूस नाही, हे कारण साऱ्या गावाने ऐकलं होतं.

"पोराला जरा आत पाठव," शेपट्या म्हणाला.

लोहाराने पोराला घरात पिटाळलं. "बोल."

"काकाने माझा टिवल्या मागितलाय."

लोहाराने कुदळ निखाऱ्यात खुपसली. "बरं झालं. कांदा वाचेल तुझा."

"तुझा पोरगा तू का नाही दिलास?"

"भात्याला..."

"भात्याचं मला नको सांगूस."

लोहार हसला. तसं हसणं शेपट्याने स्वतःच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं होतं. "डोकं फिरलंय तुझं उन्हानं. त्या चौकीत काय होतं? माश्या आणि वंगण. मला तर काही आठवतसुद्धा नाही." त्याने लाल कुदळ ऐरणीवर घेतली आणि घाव घालायला लागला. लोखंड गार पडलं, काळं पडलं, तरी तो हाणत होता.

"गार पडलंय ते," शेपट्या म्हणाला.

लोहाराने हातोडा फेकला. "मग काय करू? सांगू कुणाला? बाप होता तेव्हा बापाला सांगितलं. त्यानं मलाच थोबाडीत मारली. पाण्याला काळं फासतोस म्हणाला. मी माझा पोरगा वाचवला. तू तुझा वाचव. भात्याचं सांग, सापाचं सांग, काहीही सांग."

"आणि मग तो कुणाचा नेईल?"

लोहार फेकलेला हातोडा उचलायला वाकला.

"मागच्या साली गवळ्याचा नेला. बघितलास तो पोरगा? आता शाळेच्या भिंतीला टेकून उभा असतो नुसता. आपल्या दोघांना माहीत होतं, आणि आपण दोघांनी पाणी घेतलं."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," लोहार पुटपुटला. "जा तू. कुदळ नंतर ने."

शेपट्या रिकाम्या हातांनी घरी आला. अंगणात शांतता होती. एवढी शांतता त्या घरात टिवल्या झोपला तरच असे.

"पोरगं कुठाय?"

"काका आले होते. चाक कसं फिरवतात ते दाखवायला घेऊन गेले. येईल जेवणाच्या..."

पुढचं त्याने ऐकलं नाही. तो पाटाच्या कोरड्या तळातूनच धावला, कारण तोच सरळ रस्ता होता. पायात काचा गेल्या, काटे गेले. वरून कोणी तरी विचारलं, पाणी सुटलं का रे? माणूस असा धावतो तो पाण्यासाठीच, असं गावाला ठाऊक होतं.

चौकीचं दार उघडं होतं. आत तीच खाट, तीच खुंटी, खुंटीला वंगणाचं फडकं. टिवल्या खाटेवर पाय हलवत बसला होता, हातात बिस्किटाचा पुडा. पाटकरी शेजारी बसून त्याला चाकाची किल्ली दाखवत होता. बाकी काही नव्हतं. दुसऱ्या कोणी बघितलं असतं तर म्हणाला असता, काय प्रेमळ म्हातारा आहे. शेपट्यालाही असाच पुडा मिळाला होता.

त्याने पोराचं बखोट धरून उचललं.

"हळू, हळू," पाटकरी म्हणाला. "पोरगं आहे ते."

"याला हात लावायचा नाही."

पाटकरी उठला नाही. आवाजही चढवला नाही. "शेपट्या, कांदा वाळेल तुझा. आणि नको ते बोलशील तर हसं कुणाचं होईल? तूच रोज येत होतास. कोणी बांधून आणत होतं का तुला?"

एवढा मोठा बाप्या, ओल्या मातीच्या पाट्या दिवसभर वाहणारा, त्या खाटेसमोर पोरगा झाला. तो पोराला घेऊन बाहेर पडला, एवढंच त्याला जमलं.

वाटेत टिवल्या रडत होता. "बाबा, मी काही केलं नाही. मी चाकाला हातपण नाही लावला."

शेपट्या पाटाच्या काठावर बसला आणि पोराला समोर घेतलं. "मी तुला रागावलो नाही. ऐक. त्याने तुला कुठं हात लावला? दुखवलं काही?"

"नाही. बिस्किटं दिली. आणि म्हणाले, बिस्किटाचं घरी सांगायचं नाही, ही आपली दोघांची गंमत. गंमत पाळली तर रोज देणार." टिवल्याने नाक ओढलं. "मी सांगितलं तर आता पाणी नाही मिळणार का?"

शेपट्याने डोळे मिटले. गंमत. शब्दसुद्धा बदलला नव्हता मेल्याने.

"तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस. आता नीट ऐक. कुणीही मोठा माणूस, काका असो, मामा असो, मास्तर असो, मी असो, घरी सांगू नको म्हणाला की घरी येऊन तेच पहिलं सांगायचं. कपड्याच्या आतल्या अंगाला कुणी हात लावला तर ओरडायचं, पळायचं आणि सांगायचं. शेत वाळू दे, घर पडू दे. तुझ्यावर कुणी रागावणार नाही."

"तुम्ही पण नाही?"

"मी पण नाही."

"आणि आजी?"

"आजीसुद्धा नाही," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. बापाला रडताना पोराने प्रथमच बघितलं. टिवल्याने पुड्यातलं उरलेलं बिस्कीट पाटात फेकून दिलं.

घरी आल्यावर शेपट्याने पोराला शेजारी खेळायला पाठवलं आणि दार लावलं. बायको आणि आई समोर बसल्या. सांगताना तो उभाच होता. कडीशी चाळा करत होता, दाराकडे तोंड करून बोलत होता. सगळं नाही सांगितलं. जेवढं सांगितलं तेवढं पुरेसं होतं.

बायको उठून त्याच्याजवळ आली. तिने त्याच्या पाठीला हात लावला, तसा तो दचकला. तो असा दचकायचा हे तिला लग्नापासून माहीत होतं. तिला वाटायचं, आपलाच हात खरबरीत आहे.

"मी पाठवला होता त्याला," ती म्हणाली. "माझ्या हाताने भांग पाडून."

"तुला माहीत नव्हतं."

मग आई पदराचं टोक पिळत म्हणाली, "तू चौकीवरून आलास की न्हाणीत बसायचास. बाहेरच यायचा नाहीस. साबणाची वडी दोन दिवसांत संपवायचास. मी तुला मारलं होतं रे त्यावरून. ओल्या अंगावर मारलं होतं. घर विकायला काढतोस का म्हणून."

"आई, जाऊ दे."

"मला कळायला नको होतं? मला गं कळायला नको होतं?" ती सुनेला विचारत राहिली.

पाळ्या ठरवायला गाव दुसऱ्या दिवशी पाटाच्या दारापाशी जमलं. पाटकरी चाकाला टेकून उभा होता. शेपट्या आला, मागे त्याची बायको आली. अशा ठिकाणी बायका येत नसत, म्हणून माना वळल्या.

"शेपट्या, काय मालकिणीला पाणी दाखवायला आणलंस?" कोणी तरी म्हणालं. हशा पिकला.

"माझा पोरगा निरोप्या होणार नाही," शेपट्या म्हणाला. "कुणाचाच होऊ नये. मी लहान असताना याने चौकीत माझ्याशी नको ते केलं. पुष्कळदा केलं."

हशा असा थांबला की पाटाच्या दारातून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. मग एकदम सगळे बोलायला लागले.

"अरे, शोभतं का हे चारचौघांत?"

"मुलगी असती तर गोष्ट वेगळी. पोराचं काय बिघडतं?"

"एवढी वर्षं तोंडात मूग धरले होते काय?"

पाटकरी शांतपणे म्हणाला, "याला पहिलं पाणी हवं होतं. मी पोरगं बदलीन म्हणालो, म्हणून हे नाटक. असंच असेल तर विचारा की बाकीच्यांना. इतकी पोरं येऊन गेली माझ्याकडे. बोला रे, कोणाची तक्रार आहे?"

तो एकेकाकडे बघत गेला. त्याची नजर जिथं जिथं थांबली तिथं मान खाली गेली. शेपट्यालाही ती शेतं तोंडपाठ होती. तोही एकेकाकडे बघू शकला असता. त्याने बघितलं नाही.

"मी माझं सांगितलं," तो म्हणाला. "दुसऱ्याचं सांगायचा हक्क मला नाही. पण पोराचं काय बिघडतं विचारलंत, म्हणून सांगतो. आज एवढा घोडा झालोय, तरी पाठीला बायकोचा हात लागला की दचकतो. हे बिघडतं."

कोणी हसलं नाही. कोणी पुढेही आलं नाही. त्याची बायको त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, एवढंच.

तेवढ्यात मागून काही तरी जड फरफटत आल्याचा आवाज झाला. लोहार होता. खांद्यावर दोर, दोराला बांधलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, दुसऱ्या हातात घण. तो गर्दीतून सरळ आत आला, चौकीसमोरच्या झाडाच्या फांदीवर दोर टाकला, रूळ वर ओढला, गाठ मारली. सगळे बघत राहिले. मग त्याने घण हाणला. आवाज पार शेवटच्या शेतापर्यंत गेला. तिथली पाखरं उठलेली सगळ्यांना दिसली.

"पाळी बदलली की हा वाजवायचा," लोहार म्हणाला. त्याचा आवाज फाटत होता. "ज्याचं भिजलं त्यानंच येऊन वाजवायचा. पोरगं लागत नाही." मग तो पाटकऱ्याकडे वळला. "आणि तक्रार विचारत होतास ना? माझी आहे."

एवढं साधं लोखंड आधी कोणाला सुचलं नसेल असं नाही. पोरगं फुकट मिळत होतं, एवढंच.

गवळी शेवटच्या ओळीत उभा होता. त्याने आधी लोहाराकडे बघितलं, मग पाटकऱ्याकडे, मग चौकीच्या उघड्या दाराकडे. एकही शब्द न बोलता तो घराकडे धावत सुटला, पोराला जवळ घ्यायला.

पाटकऱ्याच्या हातून चाकाची किल्ली कोणी हिसकावली नाही. त्यानेच ती चाकावर ठेवली आणि सायकलकडे निघाला. पण सायकलच्या मागच्या चाकावर शेपट्याची बायको पाय देऊन उभी होती. लोहार ठाण्यात गेला, आणि पोलिस येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

ठाण्यात शेपट्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं, पोरसवदा शिपायासमोर. जुनं प्रकरण आहे, कठीण आहे, साहेब म्हणाले. पण गवळी आपल्या पोराला घेऊन आला होता, आणि ते जुनं नव्हतं. ते पोरगं आत जायला तयार होईना. तेव्हा शेपट्या त्याच्याजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मीपण आत्ताच सांगून आलो. भीती वाटते. पण सांगून झाल्यावर तहान लागते बघ, एवढंच होतं." पोराने त्याच्याकडे बघितलं आणि मग ते आत गेलं.

पाट सुटला. पाण्याने आपला नियम मोडला नाही. आधी वरच्यांचं भिजलं. काहींनी शेपट्याशी बोलणं टाकलं, काही नुसतं बघून पुढं जायचे. रूळ वाजत राहिला. दर वेळी वाजला की शेपट्या कुठंही असला तरी थांबायचा, आणि मग घरात टिवल्याचा आवाज शोधायचा. आवाज सापडला की पुन्हा कामाला लागायचा.

त्याच्या पाळीला धार करंगळीपेक्षा जरा जाड होती. अर्धे वाफे आधीच गेले होते. उरलेल्या अर्ध्यांत तो, बायको आणि टिवल्या दिवसभर गुडघाभर चिखलात राबले. टिवल्या सबंध वेळ बोलत होता. पाण्याला शेत कसं कळतं, रूळ झोपतो का. आणि शेपट्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होता, येत असो वा नसो.

दिवस कलताना तिघं घरी आले. शेपट्या न्हाणीत जाऊन लाकडी पाटावर बसला. आई मागून आली. तिने ऊन पाण्याचं घंगाळ ठेवलं, आणि कोनाड्यात साबणाची कोरी वडी. तिने त्याच्या पाठीवर पाणी ओतलं, मग हात लावायच्या आधी विचारलं, "चोळू का?"

त्याने मान डोलावली.

ती हळूहळू चोळत राहिली. वडी झिजत होती. त्याने सवयीने ती बाजूला ठेवायला हात पुढे केला, तशी ती म्हणाली, "असू दे रे. संपू दे."